कुंभेरची चिता आणि आमचे अश्रू

‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही सोनी वाहिनीवरील हिंदी मालिका २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली आणि २०२३ मध्ये संपली. चौंडीच्या पाटलाची मुलगी होळकरांची सून कशी झाली आणि सरहद्दीवर राहुट्या ठोकून वाढलेल्या त्या घराण्यात तिचे दिवस कसे गेले, ही कथा या मालिकेने घरोघर नेली. आम्हां इंदूरच्या मराठी मंडळींना त्याचा आनंद झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. येथील विमानतळास अहिल्याबाईंचे नाव आहे, विद्यापीठास आहे. परंतु नाव उच्चारणाऱ्यांना बाईंचे चरित्र ठाऊक असतेच असे नाही. मालिकेमुळे निदान प्रश्न विचारले जाऊ लागले. राजेश शृंगारपुरे यांचे मल्हारराव, अदिती जलतारे व एतशा संझगिरी यांच्या लहान व मोठ्या अहिल्याबाई, यांपैकी कोणाच्याही कामास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमचे भांडण एका प्रसंगाशी आहे. आणि त्याहूनही अधिक, तो प्रसंग पाहून आम्ही प्रेक्षकांनी जे अश्रू ढाळले त्या अश्रूंशी आहे.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडलेला असताना, १७५४ च्या मार्च महिन्यात खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. पदरी मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन लहान मुले. बाई सती जाण्यास निघाल्या आणि वृद्ध सासऱ्याने त्यांना परत फिरविले. नाटक, चित्रपट, चरित्र, कीर्तन आणि आता दूरचित्रवाणी या सर्वांनी हा प्रसंग एकाच ठशात ओतला आहे: पेटण्यास सज्ज चिता, मळवट भरलेली तेजस्वी सून, आणि तिच्यापुढे पदर पसरणारा, तूच आता माझा पुत्र असे म्हणून रडणारा मल्हारराव. कथेचे कळसस्थान ते हेच. पुढची अठ्ठावीस वर्षांची राजवट ही जणू त्या कळसाची पायरी!

सरहद्दीवरच्या कुटुंबाची मालिका कोठेही निघो, तिचा जीव अशा प्रसंगांतच गुंतलेला असतो. अमेरिकेत १९७४ ते १९८३ या काळात चाललेली ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही वसाहतवाल्या कुटुंबाची मालिका जगभर पाहिली गेली. तिच्यातही आजार, आग, मृत्यू आणि बापलेकीचे अश्रू यांचाच भरणा फार होता. घरातले दुःख पडद्यावर लवकर उतरते, कारभार उतरत नाही. हे आम्हांस समजते. परंतु तेथील लाकडी घरातली आग ही निव्वळ आग होती. तीत कोणी धर्म पाहत नव्हते. कुंभेरच्या चितेचे तसे नाही. तिच्याकडे पाहणारा निम्मा प्रेक्षकवर्ग मनात हात जोडून पाहतो, आणि आमचा आक्षेप येथून सुरू होतो.

या मांडणीत सती जाणे हा स्त्रीचा स्वाभाविक व उदात्त धर्म ठरतो, आणि न जाणे ही सासऱ्याच्या म्हातारपणावर केलेली दया ठरते. म्हणजे बाई मोठ्या ठरल्या त्या दोनदा, आधी जळावयास निघाल्या म्हणून आणि मग आज्ञा पाळून थांबल्या म्हणून. देवस्थानांच्या सावलीत वाढलेल्या आमच्या वाचकांनी तरी हे निमूटपणे मान्य करू नये. विधवेने पतीच्या चितेवर चढावे अशी आज्ञा मनुस्मृतीत नाही. मनूचा थोर भाष्यकार मेधातिथी याने तर सहगमनाची तुलना शत्रूच्या नाशासाठी करावयाच्या श्येनयागाशी केली आणि ते त्याज्य ठरविले. बाणभट्टाने ‘कादंबरी’त अनुमरणाची वेडेपणा म्हणून निर्भर्त्सना केली आहे. दुसऱ्या पक्षाची वचनेही स्मृतींतून व निबंधग्रंथांतून सापडतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाद होता, आणि तो जुना होता, एवढे तरी पडद्यावर उमटावयास नको काय? तेथे मात्र शास्त्र एका बाजूस आणि बापाचे काळीज दुसऱ्या बाजूस, असा देखावा उभा राहतो. मल्हाररावांच्या बाजूसही शास्त्र उभे होते, याचा पत्ता प्रेक्षकास लागत नाही.

शास्त्र बाजूस ठेवले तरी मराठ्यांचा आचार काय सांगतो? १६६४ साली शहाजीराजे निवर्तले तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या होत्या व शिवाजी महाराजांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. आणि राज्याभिषेकाचा सोहळा पाहूनच त्या माउलीने १६७४ साली डोळे मिटले. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाई चितेवर चढल्या नाहीत. त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षे युद्ध चालविले. सेनापती दाभाड्यांच्या उमाबाईंनी पतीच्या मागे घराण्याची धुरा वाहिली. तेव्हा कर्त्या घरातील विधवेने जिवंत राहून दौलत सांभाळावी, हा काही मल्हाररावांच्या अश्रूंतून प्रथमच उगवलेला चमत्कार नव्हे. ती वाट मळलेली होती. उलट वाटही होती, आणि तीही मोठ्या घरांतूनच जात होती. थोरल्या माधवरावांच्या मागे रमाबाई १७७२ साली थेऊर येथे सती गेल्या, त्यांच्या वृंदावनापुढे आपण आजही नमस्कार करतो.

मल्हारराव भावनावश झाले नसतील असे आमचे म्हणणे नाही. एकुलता एक तरणा मुलगा डोळ्यांदेखत गेलेला. त्याचे दुःख खोटे कसे असेल? परंतु हा पुरुष निराळ्या धातूचा होता. होळ गावच्या धनगराच्या घरात जन्मून त्याने बाजीरावांच्या बरोबरीने माळवा पायाखाली घातला होता, आणि माणसाची पारख हे त्याच्या यशाचे अर्धे भांडवल होते. त्या घराची रचनाही लक्षात घेतली पाहिजे. १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर निराळी तोडून दिली गेली. म्हणजे होळकरांच्या घरात बायकांच्या हाती स्वतःचा महाल, स्वतःचा वसूल आणि स्वतःचा हिशेब होता. दौलत आणि खासगी हे दोन निरनिराळे खजिने. १७६१ साली गौतमाबाई गेल्या आणि खासगीचा कारभार सुनेकडे आला. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर, सोमनाथचे मंदिर, गयेचे विष्णुपद, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे, ज्या ज्या कार्यासाठी आमचे वाचक बाईंना देवीसमान मानतात, त्याच्या मुळाशी हा स्त्रियांच्या हातचा खजिना आहे. चितेवरून परत फिरलेली सून ही अशा घरातील होती. तिला वाचविले ते केवळ कुंकवाविना आश्रिताप्रमाणे दिवस काढण्यासाठी नव्हे. तिच्यावाचून एक खाते अडणार होते. हे रूक्ष वाटेल. पण बाईंचा मान यातच अधिक आहे, असे आमचे मत आहे.

यास पुरावा हवा असेल तर १७६५ सालचे मल्हाररावांचे सुनेस आलेले पत्र पाहावे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चारपाच मुक्काम करावेत, मोठ्या तोफखान्याची व्यवस्था लावावी, दारूगोळ्याचा होईल तितका साठा करावा, वाटेच्या रखवालीस चौक्या बसवाव्यात, अशा अर्थाच्या सूचना त्यात आहेत. कुंभेरला अकरा वर्षे झाली होती. ज्या सुनेला चितेवरून उतरविले तिलाच, जिने तिचा नवरा नेला त्या तोफेची तजवीज करण्यास हा सासरा सांगत आहे! आमच्या दृष्टीने कुंभेरच्या प्रसंगाचा खरा उत्तरार्ध हा. यात पदर पसरणे नाही, हुंदका नाही. एका सेनानीने दुसऱ्यावर टाकलेला भरवसा आहे. मल्हारराव १७६६ साली आलमपूर येथे वारले, १७६७ साली मालेराव गेले, गंगाधर यशवंतांच्या सल्ल्याने राघोबादादा फौज घेऊन चालून आले, तेव्हा बाई डगमगल्या नाहीत. त्यांना त्या दिवशी धैर्याचा साक्षात्कार झाला असे नव्हे. तोफखान्याचा हिशेब त्यांनी पूर्वीच केला होता.

यावर कोणी म्हणेल, मालिका म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे; लोकांस रस पाहिजे. हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. रस पाहिजे हे मान्य. पण रस कशात आहे हे ठरविण्याचा मक्ता कोणी दिला? ज्या प्रेक्षकाला सासूसुनेची कुरबूर महिनोन् महिने रुचते, त्याला महेश्वरच्या दरबारात येणारी बखेड्यांची, भिल्लांच्या बंदोबस्ताची, सावकारांच्या तक्रारींची प्रकरणे रुचणार नाहीत असे आधीच का समजावे? इंदूरहून वा. वा. ठाकूर यांनी १९४४-४५ साली प्रसिद्ध केलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने आणि त्यापूर्वी पारसनीसांनी छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे यांत दहा मालिका पुरतील इतके नाट्य पडून आहे. (ही पत्रे मराठीत आहेत, मोडीतून देवनागरीत आलेली, त्या घराची मालिका हिंदीत पाहण्याची पाळी आम्हांवर यावी याचे वैषम्य आम्ही येथे वाढवीत नाही.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालिकेत बाई जळत नाहीत, थांबतात. मग यात सतीचा गौरव कोठे आला? आमचे उत्तर असे की, गौरव शेवटावरून ठरत नाही, चितेकडे जाणाऱ्या वाटेवर किती दिवे लावले यावरून ठरतो. परंपरा सांगते की त्याच दिवशी खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. त्यांची नावे किती जणांस ठाऊक आहेत? त्यांच्यापुढे कोणी पदर पसरला नाही. ज्या कथेत एकीच्या वाचण्याने आपण गहिवरतो आणि इतरांच्या जळण्याकडे पाठ फिरवितो, ती कथा चितेला दोष देत नाही; ती केवळ एक अपवाद साजरा करते. १८२९ सालचा बेंटिंकचा कायदा कुंभेरनंतर पंचाहत्तर वर्षांनी आला, आणि गोव्यात तर आल्बुकर्कने सोळाव्या शतकाच्या आरंभीच ही चाल बंद केली होती. परकीयांनी शिकविण्यापूर्वी आमच्या मल्हाररावांनी हे केले अशी प्रौढी आमच्यातले काही जण मिरवितात. त्या इतर स्त्रियांची आठवण ठेवली तर ही प्रौढी जिभेवरच राहील.

आणि मग १७९१ साल येते. बाईंची मुलगी मुक्ताबाई, कुंभेरच्या वेळी पाचसहा वर्षांची असलेली तीच मुलगी, आपले पती यशवंतराव फणसे निवर्तल्यावर सती जाण्यास निघाली. तिचा एकुलता पुत्र आधीच गेलेला. सर जॉन माल्कम याने माळव्यातील लोकांकडून ऐकून १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. आईने आई म्हणून विनविले, राज्यकर्ती म्हणून विनविले, मुलगी ऐकेना. तेव्हा बाई नर्मदेच्या तीरी चितेजवळ उभ्या राहिल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, आणि ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला. ज्या हातांना सोडवून घेता आले नाही ते त्या दातांनी चावू लागल्या. पुढे स्नान करून त्या वाड्यात गेल्या आणि तीन दिवस अन्नाचा कण त्यांनी घेतला नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मुलीजावयांच्या स्मरणार्थ छत्री बांधविली.

कुंभेर आणि महेश्वर ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या घराण्याची गोष्ट सांगताच येत नाही, असे आम्ही म्हणतो. मल्हाररावांना जे साधले ते त्यांच्या सुनेला, राज्य हाती असताना, पोटच्या मुलीसाठी साधले नाही. का? सासऱ्यापाशी सुनेला देण्यासारखे काही होते: घर, मुले, काम, दौलत. निपुत्रिक झालेल्या मुक्ताबाईपाशी काय उरले होते, आणि तिच्या कानांवर सतीचे माहात्म्य जन्मभर किती पडले असेल? ज्या मुलीने बालपणी आपल्या आईला चितेवरून परतताना पाहिले, तिनेही अखेर आईच्या जगण्यापेक्षा चितेच्या तेजावर अधिक विश्वास ठेवला. रसिकांना रडावयाचेच असेल तर येथे रडावे. पण हे रडणे सुखाचे नाही, आणि म्हणून कुंभेरची चिता शेकडो वेळा पेटविणारे आमचे नाटककार व कीर्तनकार महेश्वरच्या घाटाकडे क्वचितच फिरकतात.

राजस्थानात देवराळा येथे अठरा वर्षांची मुलगी पतीच्या चितेवर जळाली ते साल १७९१ नव्हे, १९८७ होते. तेथे हजारो लोक चुनडीच्या सोहळ्यास जमले, आणि सतीचा गौरव करणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा सरकारला करावा लागला. त्या जमावात अशिक्षितच होते असे नव्हे. तेव्हा चितेचे चित्र निरुपद्रवी असते असे कोणी आम्हांस सांगू नये.

अहिल्याबाईंच्या जन्माची तीनशे वर्षे २०२५ च्या मे महिन्यात पूर्ण झाली. त्या निमित्ताने मध्यप्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली, महाराष्ट्रात त्याआधीच अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. गोव्याच्या आणि कोकणच्या देवळांतून जत्रेच्या रात्री अजूनही नाटके होतात, चातुर्मासात कीर्तने होतात, आणि अहिल्याबाईंचे आख्यान लावण्याची सूचनाही येते. आमच्या देवस्थान समित्यांस एकच विनंती आहे. आख्यान लावणाऱ्या बुवांना आधी विचारावे की कथा कोठून सुरू करणार. त्यांनी कुंभेरच्या चितेपासून असे सांगितले, तर त्यांच्या हाती ते ग्वाल्हेरचे पत्र ठेवावे आणि तोफखान्यापासून सुरू करण्यास सांगावे; चिता मध्ये येऊ द्यावी, आणि मुक्ताबाईला वगळू देऊ नये.