नफ्याची शाळा आणि रयतेचें पोर

खाजगी विनाअनुदानित शाळांनीं पहिलीच्या वर्गांत शेंकडा २५ जागा वंचित व दुर्बल घरांतील मुलांस द्याव्या आणि त्यांच्या फीचा परतावा सरकारनें शाळेस द्यावा, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ठरविलें. कागदावर हें छान दिसतें. सुताराच्या, कुंभाराच्या, शेतमजुराच्या घरीं काय होतें तें पाहूं.

सोडतींत नांव लागलें म्हणजे घरांत दिवाळी. मग शाळेंतून चिठ्ठ्या येऊं लागतात. आज गाडीभाडें, उद्यां दोन तऱ्हेचे गणवेश, परवां स्नेहसंमेलन. फी माफ, पण खर्च माफ नाहीं! बाप पीक हातीं येण्याआधींच उचल घेतो. शाळाचालक म्हणतात, सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहींत. ही तक्रार खोटी नाहीं. पण दोन धन्यांचा हिशोब त्यांनीं आपसांत मिटवावा. त्यापायीं पोरानें वर्गांत खालीं मान घालून कां बसावें?

९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकारनें नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस या जागांतून मोकळीक दिली. लोक न्यायालयांत गेले म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयानें १९ जुलै २०२४ रोजीं हा बदल रद्द केला. निजलेल्याच्या हक्काला राखणदार नसतो.

खरा फांस पुढें आहे. ही सवलत आठवीपर्यंतच. नववीच्या दारांत तेंच पोर पूर्ण फी भरा, नाहीं तर दाखला न्या, असें ऐकतें. आठ वर्षें चढविलेली शिडी अशी मध्येंच काढून घेणें याला मदत म्हणावें काय?

रयतेच्या साऱ्यावर वरच्या वर्गांचें शिक्षण चालतें, हें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मग आजच्या सरकारास दहावीपर्यंत हात देणें कां जड जावें?

बंधुभगिनींनो, पावतीवांचून पैसा देऊं नका. २०११ च्या कायद्याप्रमाणें फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें यावी लागते. त्या समितींत जाऊन बसा. आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवूं नका. आम्हां मास्तरांकडून कसूर होत असेल तर गांवसभेंत उभें करून जाब विचारा. ती शाळा सुधारली तर नफेवाल्याच्या दारांत हात जोडण्याची पाळीच येणार नाहीं.