क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, मग धोका कुठे? किडनीरुग्णांनी लघवीची ही तपासणी का मागावी

दौंडहून रेल्वेने किंवा शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याला तपासणीसाठी जाणारा किडनीचा रुग्ण रिपोर्टमध्ये आधी एकच आकडा शोधतो : क्रिएटिनिन. घरच्यांनाही धास्ती असते ती डायलिसिसची. प्रत्यक्षात जुनाट किडनीविकाराच्या कितीतरी रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो. याचे एक मोठे कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आहे.

हे अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. पाइपला आतून दिलेल्या रंगासारखे ते वाटते, पण ते सतत काम करत असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्ताच्या गुठळ्यांना आळा बसतो. या शोधाला १९९८ मध्ये नोबेल मिळाले. किडनी कमजोर झाली, की एडीएमए नावाचा पदार्थ रक्तात साठतो आणि नायट्रिक ऑक्साइड बनण्यातच खोडा घालतो. जोडीला बीपी आणि शुगर असतेच. वाहिन्या हळूहळू ताठर होतात.

किडनीची गाळणी म्हणजेही बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. ती बिघडली, की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. म्हणूनच लघवीतले अल्ब्युमिन हा शरीरभरच्या वाहिन्यांचा इशारा मानला जातो. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर सावध व्हायला हवे. रक्तातले क्रिएटिनिन मात्र किडनीची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत ‘नॉर्मल’ दिसू शकते.

सरकारने डायलिसिसकडे लक्ष दिले, हे चांगलेच झाले. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस मिळते. पण हा शेवटचा टप्पा. तिशीपुढच्यांची सरकारी तपासणी होते ती मुख्यतः बीपी, शुगर आणि तीन प्रकारच्या कॅन्सरची. बीपी-शुगर निघालेल्या प्रत्येकाची लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी तिथेच व्हायला हवी. साधी पट्टी थोडे अल्ब्युमिन पकडत नाही, त्यामुळे नमुना तालुक्याच्या लॅबपर्यंत जाण्याची सोयही लागेल. हे अशक्य नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावोगावच्या आरोग्याच्या नोंदी ठेवल्या आहेत.

‘कळून तरी काय उपयोग?’ हा प्रश्न आता जुना झाला. बीपीच्या काही गोळ्या अल्ब्युमिनची गळती कमी करतात. नऊ हजारांहून अधिक किडनीरुग्णांवरच्या ‘शार्प’ या अभ्यासात (२०११) कोलेस्टेरॉलच्या औषधांनी हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके कमी झाले. डॅपाग्लिफ्लोझिन हे शुगरचे औषध किडनीही सांभाळते, हे २०२० मध्ये दिसले. त्याच वर्षी भारतात त्याचे पेटंट संपले आणि किंमत उतरली. कोणाला काय द्यायचे, हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचे.

राहिली घरातली गोष्ट. ऊसतोड असो, गुऱ्हाळ असो वा रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीतली पाळी, अंग दुखले की मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जायचे, हा परिपाठ आहे. आधीच दुबळ्या किडनीला वेदनाशामक गोळ्या, त्यातही उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेले असताना, फार महाग पडतात. तंबाखू आणि बिडी तर थेट अस्तरावर घाव घालतात. पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर क्रिएटिनिनसोबत ‘एसीआर’ही करायचा का, एवढे विचारावे. त्यासाठी लघवीचा एक नमुना पुरतो.