पडीक म्हणे!

‘पडीक’ या शब्दाइतका आळशी शब्द मराठीत दुसरा नसेल. जिथं इमारत नाही, भात नाही, निदान वडापावची गाडीही नाही, ती जमीन पडीक! आमच्या पळस्पे फाट्यावर उभं राहून कुणालाही विचारा, "पक्षी कुठं बघायला मिळतील हो?" बोट सरळ गोव्याच्या रस्त्याकडे जातं. कर्नाळा! कर्नाळ्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. १९६८ सालचं ते अभयारण्य, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. पण ज्याला फाटक आणि तिकीट आहे तो निसर्ग आणि ज्याला नाही ते पडीक, हा कुठला हिशेब?

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या हेडकॅशियरना मी मुद्दाम दुसऱ्या दिशेला नेलं, उरणच्या पाणजे खाजणाकडे. वाटेतल्या उजाड माळावर टिटवीनं आमच्या नावानं शंख केला, एक चंडोल दिसला. पुढं तिवरं आणि ओहोटीनं उघडा पडलेला चिखल.

"काय आहे हो इथं?" हेडकॅशियर म्हणाले.

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. तुतवार शेपूट हलवत चिखल टोचत होते. गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे तर किती! हेडकॅशियर सवयीनं मोजायला लागले. शंभराची गड्डी पुरी होण्याआधीच थवा उडाला. बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत दुर्बीण काही मला परत मिळाली नाही.

आता बँकेचा नियम ऐका. दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर बचत खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरीही खातेदार पंधराव्या वर्षी पासबुक घेऊन उगवला, तर रक्कम त्याचीच! खाजणाचे खातेदार तर हिमालयापलीकडून दर हिवाळ्याला न चुकता येतात. मे महिन्यात पाहणी करून ‘येथे पक्षी आढळत नाहीत’ असा शेरा मारणं म्हणजे एक तारखेला येणाऱ्या पेन्शनरला वीस तारखेला शोधून त्याचं खातं बंद करण्यासारखं आहे. त्यात २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं पाणथळीतून वगळली आहेत. शेकाट्यांना हे अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

"मग माणसांनी राहायचं कुठं?" असं विचारणारे भेटतात. घरं हवीतच. मी स्वतः गृहकर्जाच्या हप्त्यांवर जगणारा माणूस आहे. पण भरतीच्या आणि पावसाच्या पाण्यालाही पसरायला जागा लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्यानं कुणाचा सातबारा पाहिला नव्हता. आणि बाजारातल्या कोळणीला विचारा, तिच्या पाटीतले निवटे आणि चिंबोऱ्या कुठून येतात ते. पडीक जमिनीचं पीक आहे ते, आपण भाव करून घेतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. खाजणाला पडीक म्हणणाऱ्यानं थंडीत, ओहोटीच्या वेळी, एकदा तरी तिथं जावं. त्यानंतरही भराव घालायचाच असेल, तर आमच्या बँकेच्या पद्धतीप्रमाणे आधी खातेदारांच्या सह्या घ्याव्यात. नमुना सह्या चिखलातच आहेत, तीन-तीन बोटांच्या. जुळवून बघाव्यात.