अव्हंक्युलर

कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्या नातवानें परवां एका इंग्रजी उताऱ्याचें भाषांतर वाचून दाखविलें. त्यांत एका वृद्ध प्राध्यापकाच्या हास्यास ‘अव्हंक्युलर’ हें विशेषण होतें. चिरंजीवांनीं तें ‘काकांसारखें हास्य’ असें केलें होतें. कोशांत ‘अंकलसारखा’ असा अर्थ, आणि अंकल म्हणजे काका. मग चुकलें कोठें, हा त्याचा प्रश्न. दोष मुलाचा नव्हे, नात्यांच्या बाबतींत इंग्रजी भाषेस जें दारिद्र्य आलें आहे त्याचा आहे.

हा शब्द लॅटिनमधील ‘अवुंकुलुस’ या नामापासून निघाला. ‘अवुस’ म्हणजे आजोबा. त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला ‘अवुंकुलुस’ म्हणजे शब्दशः ‘लहानगे आजोबा’. परंतु रोमन लोक तो लावीत केवळ आईच्या भावास. बापाच्या भावास त्यांचा ‘पात्रुउस’ हा निराळा शब्द होता, आणि तो आपल्या ‘पितृव्य’ शब्दाचा अगदीं जवळचा आप्त आहे. तशीच आत्या ती ‘अमिता’ व मावशी ती ‘मातेर्तेरा’. आमच्या पाणिनीनेंही पितृव्य, मातुल, मातामह व पितामह हे चार शब्द एकाच सूत्रांत घालून ठेवले आहेत. पण कोणास कोणांत मिसळूं दिलें नाहीं.

जुन्या इंग्रजींतही मामा व काका यांस वेगळे शब्द होते. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, फ्रेंच भाषा प्रतिष्ठित झाली, आणि ‘अवुंकुलुस’चें फ्रेंचांनीं झिजविलेलें रूप पुढें ‘अंकल’ होऊन इंग्रजींत शिरलें. ‘अमिता’ची ‘आंट’ झाली. म्हणजे मुळांत पाहूं गेल्यास अंकल हा मामा आणि आंट ही आत्या. काका व मावशी यांचीं जुनीं नांवें वारलींच. आपलीं मुलें हल्लीं शेजारच्या प्रत्येक गृहस्थास अंकल म्हणतात, तीं नकळत साऱ्या आळीस मामा करून सोडतात!

रोमन मनांत या दोन नात्यांचे रंगही वेगळे होते. ‘पात्रुउस’ हा शब्द तेथें कठोर शब्दांत कान उपटणाऱ्या वडीलधाऱ्यास म्हणून रूढ झाला होता. याचें कारण कदाचित् त्यांच्या कायद्यांत असावें. बाप वारल्यावर अज्ञान मुलाचें पालकत्व बापाकडील जवळच्या आप्ताकडे, म्हणजे बहुधा काकाकडे, जाई. मामाकडे जात नसे. जेथें पालकत्व व वतन एका हातीं येतें तेथें काय होऊं शकतें, हें १७७३ सालच्या शनिवारवाड्यास विचारावें. राघोबादादांस ‘अव्हंक्युलर’ म्हणणें ही व्युत्पत्तीची चूक ठरेलच, शिवाय इतिहासाचीही ठरेल.

शब्दाच्या या भेदानें अर्थ किती पालटतो, याचें एक उदाहरण देतों. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वत फुटला. त्याचें वर्णन धाकट्या प्लिनीनें इतिहासकार टॅसिटस यास लिहिलेल्या पत्रांत केलें आहे. थोरला प्लिनी मिसेनम येथील आरमाराचा अधिकारी होता. तो लोकांस वांचविण्यासाठीं गलबतें घेऊन गेला आणि परत आला नाहीं. इंग्रजी भाषांतरांत त्यास ‘अंकल’ म्हटलेलें आढळतें. त्यावरून मराठी करणारा सहजच ‘काका’ लिहील. पण प्लिनीचा मूळ शब्द ‘अवुंकुलुस’ आहे. त्या दिवशीं घरांत प्लिनीची आईही होती. आकाशांतील विलक्षण ढग प्रथम तिनेंच दाखविला. मुलाचा बाप पूर्वींच वारला होता. काका म्हटलें कीं ती बाई दिराच्या घरीं राहते. मामा म्हटलें कीं ती भावाच्या घरीं, माहेरच्या आधारानें राहते. अशा घरांतून भाऊ मृत्यूच्या दिशेनें निघाला, आणि मृत्युपत्रानें भाच्यास दत्तक घेऊन गेला. एवढा प्रसंग एका चुकीच्या शब्दानें दुसऱ्याच घरांत जाऊन पडतो.

हें सारें ऐकून नातवानें ‘मामाच्या मायेचें हास्य’ अशी दुरुस्ती केली. तेवढ्यांत झोपाळ्यावर बसलेल्या त्याच्या काकांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवून विचारलें, “बाबा, मग आमची माया कोठें गेली?” मीं रोमन कायदा सांगून पाहिला. त्यांचें समाधान झालें नाहीं.