दृष्टिकोनाची निवड

वन्यजीव छायाचित्रणासाठी कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आकड्यांत मिळते: किती मेगापिक्सेल, सेकंदाला किती छायाचित्रे, किती पट झूम. हे आकडे निरर्थक नाहीत. पण मूळ प्रश्नाला ते बगल देतात. प्राण्यापासून आपण किती दूर राहणार, आणि त्याच्याभोवतीचे किती जंगल चौकटीत येऊ देणार? माझ्या मते निवड या दोन कसोट्यांवर व्हावी.

पहिली कसोटी नैतिक आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा गर्दीमागे कारणे अनेक असतात. परंतु ज्याचे भिंग पोहोचत नाही, त्याला गाडी पुढे न्यावीशी वाटते, हे उघड आहे. म्हणून कॅमेऱ्यापेक्षा भिंगावर पैसा खर्चावा. १०० ते ४०० मिमीचे झूम भिंग एपीएस-सी संवेदकाच्या कॅमेऱ्यावर लावले, की संवेदक लहान असल्याने त्याचा पल्ला सुमारे दीडपट, म्हणजे १५० ते ६०० मिमीइतका होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात ते थोडे कमी पडेल: एफ ५.६ वर एफ ४ च्या निम्माच प्रकाश आत येतो, आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्र रवाळ होते. ते रवाळपण पत्करावे. मिररलेस कॅमेऱ्यातील निःशब्द शटर मात्र खरोखर उपकारक आहे. खटक्याच्या आवाजाने हरिणाचे कान टवकारले जात नाहीत.

दुसरी कसोटी पाहण्याची आहे. फुल-फ्रेम संवेदकावर ५० मिमीचे भिंग सुमारे ४७ अंशांचा कोन टिपते, तर ६०० मिमीचे जेमतेम ४ अंशांचा. समीक्षेत ‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण लक्षणेने वापरतो. येथे तो अंशांत मोजता येतो. चार अंशांत वाघाचे डोळे मावतात, तो ज्या बांबूच्या सावलीत बसला आहे ती मावत नाही. अवतरणासाठी एक ओळ उचलावी आणि कविता मागेच राहावी, तसे हे होते. मारुती चितमपल्लींच्या लेखनात पक्षी झाडासह, पाण्यासह आणि तेथल्या माणसांनी त्याला दिलेल्या नावासह येतो. झूम भिंगाचे आखूड टोकही वापरावे ते याचसाठी.

जवळून घेतलेले चित्रच लोकांच्या मनात आस्था जागवते, असा प्रतिवाद होईल. तो अंशतः मान्य आहे. पण जवळीक म्हणजे घुसखोरी नव्हे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातील जंगलांत वाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच कॅमेरा चालेल अशी योजना केली. १९२७ साली त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक निघाले. त्या छायाचित्रांतला वाघ आपल्याच वाटेने निघालेला आहे; छायाचित्रकार तेथे उभाही नाही.

आज यंत्रे कितीतरी पटींनी समर्थ आहेत. त्यांच्यातून निवड करताना एवढेच पाहावे, की हाती येणारे यंत्र आपल्याला थांबायला शिकवते, की पुढे सरकायला. संहितेचे संदर्भ तोडू नयेत असे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या आपल्यासारख्यांना ही निवड अवघड वाटू नये.