टिंबक्टू : वाळवंटातले किताबांचे शहर

आठवीच्या वर्गात आफ्रिकेचा नकाशा लावला होता. एका मुलीने विचारले, "टीचर, टिंबक्टू खरंच आहे? मला वाटलं, गोष्टीतलंच गाव!"

गाव खरे आहे. माली देशात, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, नायजर नदीपासून थोड्या अंतरावर ते वसले आहे. सुमारे ११०० साली तुआरेग भटक्यांनी इथे तळ टाकला. त्यांचे सामान बुक्टू नावाची एक बाई सांभाळत असे, तिच्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. पुढे उत्तरेकडून उंटांवर मिठाच्या लाद्या आणि दक्षिणेकडून सोने येऊ लागले. तळाचे शहर झाले.

मालीचे बादशहा मन्सा मुसा १३२४ साली हजच्या प्रवासात कैरोला थांबले. तिथे त्यांनी इतके सोने वाटले की सोन्याचा भाव उतरला. ते परतल्यावर, १३२७ च्या सुमारास, टिंबक्टूत जिंगरेबेर मस्जिद उभी राहिली. ती मातीची आहे. भिंतींतून लाकडी दांडे बाहेर आलेले दिसतात, त्यांवर चढून गवंडी भिंती लिंपतात. या लिंपणाला सारे गाव जमते. सांकोरे आणि सीदी याह्या या आणखी दोन जुन्या मस्जिदी. सांकोरेभोवती उस्तादांचे दर्स चालत आणि दूरदूरचे विद्यार्थी येत.

सोळाव्या शतकात इथे आलेले प्रवासी हसन अल वज्जान यांनी लिहून ठेवले आहे की, इतर कोणत्याही मालापेक्षा किताबांच्या व्यापारात नफा जास्त होता. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने शहर घेतले. नंतर आलिम अहमद बाबा यांना कैद करून मराकेशला नेले. आपल्या सोळाशे किताबा गेल्या आणि खानदानात आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असे त्यांनी सांगितले.

वैभव ओसरले, पण घराघरांतल्या संदुकांत किताबा राहिल्या. कुरआन, हदीस, फिक्ह, तसेच खगोल, औषधे आणि व्यवहाराचे कागदही. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेऊन बुजुर्गांच्या मजारी फोडल्या, तेव्हा लोकांनी पत्र्याच्या पेट्यांत हस्तलिखिते भरून मोटारींतून आणि होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोला पोहोचवली. मागे राहिलेल्यांपैकी सुमारे चार हजार जाळली किंवा लुटली गेली. लाखो वाचली. मजारी २०१५ पर्यंत तिथल्याच गवंड्यांनी पुन्हा बांधल्या.

सोने गेले, किताबा उरल्या. कारण त्या आपली अमानत आहेत, असे घरातल्या कोणाला तरी वाटत होते.

आपल्याकडेही कित्येक पेट्यांत दादाजींच्या हातची उर्दू पत्रे, निकाहनामे, मोडीतले दस्त आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला ते वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीत जातात. या सुट्टीत पेटी उघडा. वाचू शकणाऱ्या बुजुर्गांना शेजारी बसवा, आणि कोणता कागद कोणाचा, कशाचा, एवढे तरी मराठीत लिहून ठेवा.