इस्कूलला हंसतां, मग इस्टेटीला कां हंसत नाहीं?

आमच्या गांवचा एक मुलगा मध्यंतरीं जिल्ह्याच्या ठिकाणीं नोकरीच्या मुलाखतीस गेला होता. बाप शेतमजूर, आई दुसऱ्याच्या रानांत खुरपावयास जाणारी. मुलगा मात्र पदवीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उतरलेला, हिशेबांत पक्का आणि कामाला वाघ. मुलाखत इंग्रजींत होती. शिक्षण कोठें झालें असें विचारतांच त्यानें इंग्रजींतच नीट उत्तर दिलें. पण बोलतां बोलतां 'स्कूल' म्हणावयाच्या जागीं त्याच्या तोंडून 'इस्कूल' असा शब्द गेला. टेबलापलीकडचे तिघे विद्वान् एकमेकांकडे पाहून हंसले. पुढें त्याला धड प्रश्नही विचारला नाहीं. नोकरी गेली हें त्याचें दुःख. पण घरीं आल्यापासून तो इंग्रजीचें अक्षर तोंडांतून काढीत नाहीं, हें दुःख आमचें आहे. त्या कचेरीचें नांव आम्ही छापीत नाहीं. अशा कचेऱ्या पुष्कळ आहेत, आणि हें हंसूं रोज कोठें ना कोठें चालूंच आहे. आम्हांला त्या हंसण्याचाच झाडा घ्यावयाचा आहे.

प्रथम 'इस्कूल' हा गुन्हा काय आहे तो पाहूं. शब्दाच्या आरंभींच 'स'ला दुसरें व्यंजन चिकटून आलें कीं पुष्कळांची जीभ अडखळते. म्हणून बोलणारा आधीं 'इ'च्या पायरीवर पाय ठेवतो आणि मग वर चढतो. हें खूळ कांहीं आमच्याच शेतकऱ्यानें काढलेलें नाहीं. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेंत शाळेला 'स्कोला' म्हणत. स्पेनच्या लोकांनीं त्याचें 'एस्कुएला' केलें. फ्रान्सच्या लोकांनींही आधीं 'ए' लाविला आणि कालांतरानें 'स' गाळून 'एकोल' केलें. त्याच लॅटिनमधील 'स्टाटुस' या शब्दाला फ्रेंचांनीं तोच 'ए' लावून 'एस्टाट' केलें, आणि फ्रेंचांकडून तो इंग्रजांनीं उचलला. तीच ही 'इस्टेट'! म्हणजे ज्या इस्टेटीच्या वांटणीसाठीं हे विद्वान् भावाभावांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तिच्या नांवांत आमच्या पोराचाच 'इ' बसलेला आहे. मग इस्टेटीला कोणी हंसत नाहीं आणि इस्कूलला सगळे हंसतात, याचें कारण व्याकरणांत सांपडेल काय? इस्टेट म्हणणाऱ्यामागें पैका उभा आहे. इस्कूल म्हणणाऱ्यामागें खुरपें धरणारी आई उभी आहे. एवढाच काय तो फरक!

यावर हे भाषेचे सोंवळेकरी म्हणतात, "इंग्रजी शुद्ध पाहिजे." बरें तर, शुद्ध इंग्रजी म्हणजे कोणती तें तरी सांगा. पांचव्या शतकापासून जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून आंग्ल, सॅक्सन वगैरे टोळ्या ब्रिटनांत उतरल्या. त्यांची बोली हें या भाषेचें मूळ. मागाहून उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक आले. 'दे', 'देम' हीं साधीं सर्वनामें आणि 'एग', 'स्काय' हे रोजचे शब्द त्यांनीं दिले. पुढें १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. तेव्हांपासून सुमारें तीनशें वर्षें दरबाराची आणि न्यायकचेरीची भाषा फ्रेंच, व धर्माची लॅटिन! मग इंग्रजी कोणाची? नांगर धरणाऱ्याची आणि गुरें राखणाऱ्याची. गोठ्यांतल्या जनावराला तो 'काऊ', 'शीप', 'पिग' म्हणे; तेंच शिजून सरदाराच्या ताटांत आलें कीं 'बीफ', 'मटन', 'पोर्क' हीं फ्रेंच नांवें त्याला मिळत. राखणाऱ्याचा शब्द एक, खाणाऱ्याचा शब्द दुसरा! हा प्रकार आमच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाहीं.

फ्रेंच लोकांना समजत नाहीं, म्हणून कोर्टांतील वाद इंग्रजींत चालावेत, असा कायदा १३६२ सालीं झाला. धर्माचें दार याहूनही घट्ट होतें. विल्यम टिंडेल यानें नांगऱ्या पोरालाही शास्त्र कळावें म्हणून बायबलाचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजींत आणिला व १५२६ सालीं तो छापून निघाला. १५३६ सालीं त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारिलें व प्रेत जाळिलें. आज जिचें सोंवळें आमच्यापुढें नाचविलें जातें, त्या भाषेचा एके काळीं धर्ममार्तंडांना असा विटाळ होत होता!

आणि ती भाषा तिच्या घरांत तरी एक होती काय? इंग्लंडांत छापखाना आणणारा विल्यम कॅक्स्टन १४९० सालीं एक गंमत सांगतो. टेम्स नदींत वारा पडल्यामुळें कांहीं व्यापाऱ्यांचें गलबत अडकलें. त्यांतला एकजण कांठावर उतरून एका बाईजवळ 'एग्ज', म्हणजे अंडीं मागूं लागला. बाई म्हणाली, "मला बाबा फ्रेंच येत नाहीं." व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतें! तिच्या बोलींत अंड्यांना 'एयरेन' म्हणत. दोघेही इंग्रज, दोघांचीही इंग्रजी, आणि अंडें एकच. आतां यांतला शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण?

ही भाषा जगभर गेली ती तिच्या गोडीनें नव्हे. गलबत, तोफ आणि तागडी यांच्या पाठीवर बसून गेली. १६०७ सालीं व्हर्जिनियांत जेम्सटाउन वसलें. १६५५ सालीं इंग्रजांनीं जमैका बेट स्पेनपासून हिसकावलें. १७८८ सालीं कैद्यांनीं भरलेलीं गलबतें ऑस्ट्रेलियांत सिडनीस लागलीं. आफ्रिकेंतून धरून आणलेले नाना भाषांचे गुलाम जमैकांत उंसाच्या मळ्यांत एकत्र कोंडले गेले. मालकाची जी भाषा कानीं पडली तिची मोडतोड करून, तींत आपली मिळवून, त्यांनीं स्वतःची बोली उभी केली. वेल्समध्यें एकोणिसाव्या शतकांत शाळेंत पोर आईच्या भाषेंत बोललें तर त्याच्या गळ्यांत लांकडाची फळी अडकवीत. केनियाचे थोर लेखक न्गुगी वा थिओंगो यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्यांच्या लहानपणीं शाळेंत गिकुयू बोलणाऱ्या मुलांना मार बसे. विसाव्या शतकांत इंग्रजांचें साम्राज्य आटोपलें, पण अमेरिकेचा पैसा, यंत्रें, सिनेमा आणि संगणक यांनीं हीच भाषा आणखी पुढें नेली.

परंतु जेथें जेथें ती गेली तेथल्या मातीचा रंग तिला चढलाच. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यानें १८२८ सालीं मोठा कोश काढून इंग्लंडची स्पेलिंगें बदलून टाकिलीं. 'कलर' या शब्दांतला 'यू' त्यानें खुशाल हांकलून दिला. लंडनचा शिष्ट मनुष्य 'कार' शब्दांतला 'र' गिळतो. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका तो खणखणीत उच्चारते. आमचीं मुलेंही उच्चारतात आणि शिव्या खातात! वस्तुतः जेम्सटाउन वसलें तेव्हां लंडनांतही 'र' उच्चारीत असत. तो गिळण्याची रीत तेथें अठराव्या शतकाच्या अखेरीस बळावली. अमेरिकेंतील पुष्कळ काळे लोक 'आस्क' न म्हणतां 'ॲक्स' म्हणतात, म्हणून गोरे त्यांना अडाणी ठरवितात. पण 'ॲक्स' हें रूप हजार वर्षांचें जुनें असून चौदाव्या शतकांतील महाकवि चॉसर यानेंही तें वापरिलें आहे. चॉसर लिहितो तें काव्य, आणि गुलामाचा नातू बोलतो तें अज्ञान! ज्या अमेरिकन लोकांनीं गुलामगिरी मोडण्यासाठीं झीज सोसली, त्यांना जोतीरावांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक १८७३ सालीं अर्पण केलें. त्या काळ्या बांधवांचें आणि आमचें दुःख एक आहे, हें जोतीरावांना दीडशें वर्षांपूर्वीं कळलें होतें.

सिंगापूरचें सरकार २००० सालापासून 'चांगली इंग्रजी बोला' म्हणून मोहीम चालवीत आलें आहे. लोक मात्र घरांत आणि बाजारांत वाक्याच्या शेवटीं 'ला' लावून आपलीच इंग्रजी बोलतात. आणि ज्या बीबीसीच्या उच्चारापुढें जग मान तुकवीत होतें, त्याच बीबीसीनें २०१७ सालीं पश्चिम आफ्रिकेच्या पिजिन बोलींत बातम्या देण्यास आरंभ केला. मालक शहाणा झाला, पण आमचे येथील दरवान अजून काठी आपटीत उभे आहेत!

हे दरवान आले कोठून? १८३५ सालीं मेकॉलेनें इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला. वरच्या थोड्या लोकांना शिकवा, म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, असें त्या काळचें सरकारी धोरण होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं या धोरणाचे वाभाडे काढिले. सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरचे, हें त्यांनीं सरकारला ठणकावून सांगितलें. तें निवेदन त्यांनीं इंग्रजींत दिलें. कोणा शिष्टाच्या परवानगीसाठीं ते थांबले नाहींत. वरून खालीं विद्या तर झिरपली नाहीं. झिरपलें तें हें हंसूं!

हेंच लोक आमच्या मराठीलाही असेच हंसत आले आहेत. आमचें पोर 'पानी' म्हणालें कीं यांच्या कपाळाला आठी पडते. 'पाणी' म्हणे शुद्ध! अहो शास्त्रीबुवा, तुमच्या संस्कृतांत 'पानीयम्' आहे, त्यांत नळाचा 'न' आहे. 'ण' प्राकृताचा, म्हणजे लोकांच्या तोंडचा. तेव्हां संस्कृताच्या जवळ कोण, तें तुम्हीच ठरवा. कालचें सोंवळें मराठीचें होतें, आजचें इंग्रजीचें आहे. कद बदलला, नेसणारा तोच.

कोणी म्हणेल, "मग काय, नियमच नकोत?" असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही स्वतः मुलांना शिकवितों, आणि पाटीवरील चुकीच्या स्पेलिंगाला फुली मारतों. अर्ज, परीक्षा, कोर्ट येथें जी रीत चालते ती मुलाला आलीच पाहिजे. न येईल तर त्याचाच घात होईल. पण चूक दाखविणें निराळें आणि माणूस पाडणें निराळें. शिकविणारा चूक सुधारून मुलाला पुढें बोलावयास लावितो. हंसणारा त्याचें तोंड बंद करितो. ज्याचें तोंड बंद झालें त्याला भाषा येणार कशी?

आणि आमच्या लोकांनाही दोन शब्द. चार पैसे मिळून शहरांत बंगला झाला कीं आमच्यांतलेच कांहीं साहेब गांवच्या पोराच्या उच्चाराला सर्वांत मोठ्यानें हंसतात. त्यांनीं आपल्या आईची बोली आठवावी. कित्येक आईबाप शेत गहाण टाकून पोराला महागड्या शाळेंत घालतात, आणि तेथें ज्ञान मिळतें कीं नुसता जिभेचा हेल, हें विचारीतही नाहींत. महाराष्ट्रांत २००० सालापासून गांवच्या शाळेंतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या शाळेंत जा, मास्तरांना जाब विचारा, पोराकडून रोज इंग्रजी मोठ्यानें वाचून घ्या.

त्या मुलाला आमचें एवढेंच सांगणें आहे: बाळ, उद्यां पुन्हा मुलाखतीस जा. 'स्कूल' म्हणतां आलें तर उत्तमच. आणि पुन्हा 'इस्कूल' तोंडांतून गेलें व ते हंसले, तर मान खालीं घालूं नकोस. त्यांना शांतपणें एकच विचार, "साहेब, 'इस्टेट' या शब्दांतला 'इ' कोणाच्या घरचा?"